मांजराच्या पंजातला माणूस

"पुन्हा?" लीलाधरने विचारलं.

"पुन्हा."

"पण का?"

ओल्या मातीचं ते मांजर माएस्त्रो बासिलिओंनी दोन्ही तळहातांत धरलं, कणकेच्या गोळ्यासारखं दाबलं आणि घमेल्यात टाकून दिलं. वरून ओलं फडकं झाकलं.

हे अकरावं.

लीलाधर वाटेकर काही शिकाऊ पोरगा नव्हता. भद्रावतीच्या कुंभारवाड्यातला, चाळिशीला टेकलेला, हाताखाली चार माणसं असलेला कारागीर होता. त्याचे मातीचे वाघ जंगलाकाठच्या हॉटेलांच्या दारांत उभे असत. जबडा उघडलेला, नाकावर घड्या, मिशीचा केस न् केस जागच्या जागी. लहान मुलं ते पाहून रडायची. त्याला राज्य सरकारचं बक्षीस मिळालं होतं, आणि पंचक्रोशीत त्याला वाघवाला वाटेकर म्हणत.

पुढे हस्तकलेच्या एका संस्थेने त्याला तीन महिन्यांसाठी पेरू देशात पाठवायचं ठरवलं. तिथल्या उत्तर किनाऱ्यावर, वाळवंटाच्या कडेला, कोळशासारखी काळी, चमकदार भांडी करणारे कुंभार आहेत. ती विद्या शिकून यायची. लीलाधरने नागपूरला जाऊन आठ महिने स्पॅनिश घोकली आणि विमानात बसला.

गाव चिमुकलं. वाळू, बाभळीसारखी काटेरी झाडं, गाढवं. बासिलिओ इपानाके तिथले सगळ्यांत जुने कुंभार, वय सत्त्याहत्तर. सगळे त्यांना माएस्त्रो म्हणत, म्हणजे आपल्याकडचे उस्ताद. घरात ते आणि त्यांची विधवा बहीण फिलोमेना, दोघंच.

पहिल्याच दिवशी लीलाधरने अंगणभर नजर फिरवली होती.

"चाक कुठाय?"

"कशाला?"

"भांडी करायला."

माएस्त्रोंनी मातीचा गोळा घेतला, आतून गोटा धरला, बाहेरून लाकडी थापीने थापटत गेले. एक चिलीम ओढून व्हावी एवढ्या वेळात मडकं उभं राहिलं.

लीलाधर मनातल्या मनात हसला. त्याचा आजा असंच थापटायचा. यात शिकायचं काय?

"मला धूर शिकवा," तो म्हणाला. "काळा रंग कसा चढवता, ते."

"शिकवतो. आधी हे कर."

त्यांनी फळीवरचं एक भांडं उतरवलं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका भांड्यावरून माएस्त्रोंच्या आजोबांनी ते उतरवलेलं होतं. मूळ भांडं शहरातल्या म्युझियममध्ये काचेआड होतं. हे अंगणात, मिठाच्या बरणीशेजारी.

एक माणूस मांडी घालून बसला होता. त्याच्या पाठीशी एक मोठं ठिपक्यांचं जनावर उभं होतं. त्याचे पुढचे दोन्ही पंजे माणसाच्या खांद्यांवर होते. जबडा उघडा, सुळे माणसाच्या डोक्याला टेकलेले. वर घोड्याच्या रिकिबीसारखी पोकळ मूठ, तिच्यावर पाणी ओतायची नळी.

आणि माणसाचा चेहरा शांत होता.

झोपल्यासारखा नव्हे. जागा, आणि शांत.

"जग्वार," लीलाधर म्हणाला.

"मांजर," माएस्त्रो म्हणाले.

"मांजर नाही हो, जग्वार! अंगावर ठिपके आहेत, सुळे आहेत..."

"हो. मोठं मांजर."

लीलाधरने वाद सोडून दिला. जनावराचं काय, त्याच्या हातचा मळ होता तो. दोन दिवसांत उरकू आणि तिसऱ्या दिवशी धुराला लागू, असा त्याचा हिशेब होता.

दोन दिवसांत मांजर झालं. असं झालं की गावातली चार माणसं कामं टाकून बघायला आली. मानेवरची लव उठलेली, पोटाची कातडी ताणलेली, पंजाच्या नख्या माणसाच्या खांद्यात रुतलेल्या. आणि माणूस? तो ओरडत होता. डोळे बाहेर, तोंड वासलेलं.

माएस्त्रोंनी भांडं एकदा फिरवून पाहिलं.

"मांजर ठीक आहे," ते म्हणाले. "माणूस नाही."

आणि मोडलं.

दुसऱ्या वेळी माणूस अर्धमेला केला. मोडलं.

तिसऱ्या वेळी मेलेला केला, मान लटकलेली. मोडलं.

चौथ्या वेळी लीलाधर म्हणाला, घ्या! आणि आजोबांच्या भांड्यावरचा चेहरा जसाच्या तसा उतरवला. सुतानं मापं घेऊन. नाक तेच, ओठ तेच, पापण्या त्याच.

माएस्त्रो तो चेहरा बराच वेळ बघत राहिले. लीलाधरला वाटलं, सुटलो.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या भांड्यावरचा माणूस!"

"तो माझ्या आजोबांचा आहे. तुझा कुठाय?"

मोडलं.

लीलाधरचं पित्त खवळलं. तो उठून वाळूत चालत गेला, एका गाढवाला शिवी दिली, परत आला. गाढवाला मराठी कळत नव्हतं, तेवढंच बरं.

असे सव्वादोन महिने गेले. काळ्या रंगाचा पत्ता नाही. भट्टी शेजारीच होती. आठवड्यातून एकदा माएस्त्रो तिच्यात भांडी रचत, आंब्याची वाळलेली पानं टाकून धूर कोंडत, आणि त्या वेळी नेमकं लीलाधरला माती आणायला ओढ्याकडे पाठवत. परत येईपर्यंत भट्टी झाकलेली असायची. इतक्या लांब येऊन आंब्याच्या पानांचा वास तेवढा मिळाला, असं त्याने घरी फोनवर सांगितलं.

एकदा जेवताना त्याने सरळ विचारलं. ताटात तळलेला मासा होता, उकडलेले कंद होते आणि सगळ्यावर बारीक वाळू होती.

"माएस्त्रो, ते मांजर त्या माणसाला खातंय की जपतंय?"

माएस्त्रो माशाचा काटा काढत होते.

"म्युझियममध्ये लिहिलंय, तो कैदी आहे, बळी देणार आहेत त्याला. मी एका पुस्तकात वाचलं, मांजर त्याचा राखणदार आहे. दोन्ही कसं असेल? काहीतरी एक असेल ना?"

"असेल."

"मग कुठलं?"

"मासा खा. गार होतोय."

लीलाधरने ताट सरकवलं. "तुम्ही कधी जग्वार पाहिलाय?"

"नाही. इथे कुठला? तो डोंगरांच्या पलीकडे, जंगलात."

"मी वाघ पाहिलाय! एकदा नाही, चाळीसदा पाहिलाय. माझ्या घरापासून तीन कोसांवर असतो तो. तुम्ही मेलं मासे चोरणारं मांजर तेवढं पाहिलंत, आणि मला शिकवता?"

मासे चोरणारं मांजर नेमकं टेबलाखालीच होतं. माएस्त्रोंनी त्याला काटा टाकला.

"मांजर मी तुला कुठे शिकवतोय?" ते म्हणाले. "मांजर तुला येतं. मी पहिल्याच दिवशी म्हटलं."

लीलाधरने कपाळावर हात मारून घेतला.

फिलोमेना हे सगळं ऐकत असे. ती दिवसभर अंगणातल्या झाडाला मागाचं एक टोक बांधे, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि मागे रेलून ताण देत पट्टा विणी. लीलाधर तिला तिया म्हणे. तिया म्हणजे मावशी. तिच्या पट्ट्यावरही मांजरंच होती, तांबडी आणि पिवळी. एका तांबड्या मांजराची पाठ संपे तिथेच उलट्या टांगलेल्या पिवळ्या मांजराचं पोट सुरू होई. मध्ये रिकामी जागा नव्हतीच. तांबडी बघावीत तर पिवळी नाहीशी होत, पिवळी बघावीत तर तांबडी.

अकरावं मोडलं त्या सकाळी तो तिच्याजवळ जाऊन बसला. अंगणात ऊन चढत होतं.

"तिया, यातलं खरं मांजर कुठलं, आणि मधली जागा कुठली?"

"मला काय ठाऊक? मला दोन्ही विणावं लागतं."

"तुम्हीपण सुरू झालात का?"

ती हसली. मग धागा दाताने तोडून म्हणाली, "तुझं मांजर मी रोज बघते. अकराही वेळा तेच. एक ठिपका इकडचा तिकडे नाही."

"मग? हात बसलाय माझा."

"माणूस मात्र दर वेळी वेगळा. कधी दाढीवाला, कधी म्हातारा, कधी पोरगेला. त्या मांजराने धरलंय कुणाला, हे तुला ठरवता येत नाही की काय?"

लीलाधर ताडकन उठला.

तो तडक माएस्त्रोंपाशी गेला. ते थापी धूत होते.

"मी चाललो," तो म्हणाला. "उद्याची बस पकडतो. तीन आठवडे राहिलेत, ते तुमचे तुम्हाला ठेवा. मी तुमच्यासारखाच कुंभार आहे. धूर शिकायला आलो होतो, तुमची कोडी सोडवायला नाही."

"बरं."

"बरं? एवढंच?"

"बस सहाला असते. साडेपाचला जाऊन उभा राहा. कधी कधी लवकर सुटते."

हे ऐकून लीलाधरच्या आत काहीतरी तुटलं. त्याने फळीवरचं ते आजोबांचं भांडं उचललं आणि म्हाताऱ्याच्या नाकासमोर धरलं.

"हे खोटं आहे!" तो ओरडला. "कळलं? हा चेहरा खोटा आहे. वाघाने धरलेला माणूस असा दिसत नाही. ज्याने हे केलं त्याने काही पाहिलं नव्हतं. मी पाहिलंय!"

माएस्त्रोंनी थापी खाली ठेवली.

"काय पाहिलंस?"

लीलाधरने भांडं खाली घेतलं.

फिलोमेनाच्या मागाचा आवाज थांबला.

"...माझी बहीण," तो म्हणाला.

त्याने भांडं जागेवर ठेवलं आणि खाली वाळूत बसला. मग बोलू लागला. स्पॅनिश तोडकीमोडकी होती, तरी सुरुवात तिच्यातच केली.

बेबीताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. नवऱ्याने टाकलेली, माहेरी राहिलेली. सात वर्षांपूर्वीचा मे महिना. दोघं पहाटेच तेंदूची पानं तोडायला जंगलात गेले होते. पानं तोडताना माणसं पांगतात, म्हणून अधूनमधून एकमेकांना हाका मारायच्या, असा रिवाज. एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची. ओ आली की कळतं, माणूस आहे.

त्या दिवशी त्याने वाघ आधी पाहिला. गवतात, दोघांच्या मधोमध. त्याच्यापासून वीसेक पावलांवर. वाघाची पाठ त्याच्याकडे होती.

तेवढ्यात बेबीताईने हाक मारली.

इथे त्याची स्पॅनिश संपली. तो मराठीत बोलू लागला, आणि आपण मराठीत बोलतोय हे त्याला कळलंही नाही.

"लीलूऽऽ... अशी हाक मारली तिनं. मी ओ दिली असती तर त्यानं माझ्याकडं पाहिलं असतं. मी गप बसलो. मग पुन्हा मारली. लीलूऽऽ... तिला वाटलं, मी लांब गेलो. ती मलाच शोधायला पुढं येत होती. मी तोंडावर हात दाबला, हा असा. तिसऱ्यांदा मारली..."

तिसरी हाक त्याने मारून दाखवली. बहिणीच्या आवाजात. ती अर्ध्यावर तुटली.



"गावात मी सांगितलं, मी दुसऱ्या अंगाला होतो. मला काहीच ऐकू आलं नाही. आईला पण तेच सांगितलं. मग वाघ करायला घेतले."

म्हाताऱ्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तरी त्यांनी मध्ये काही विचारलं नाही, मान हलवली नाही, अरेरे म्हटलं नाही.

मग ते लीलाधरच्या पाठीमागे गेले. गुडघे कुरकुरले. ते खाली बसले आणि आपले दोन्ही मातीचे हात त्यांनी त्याच्या खांद्यांवर ठेवले. हलके नव्हे. सगळा भार टाकून. हनुवटी त्याच्या डोक्यावर टेकवली.

लीलाधरला मागचं काही दिसत नव्हतं. टाळूवर श्वास लागत होता, ऊन ऊन, माशाचा वास असलेला. बोटं खांद्यांत रुतत होती.

"आता तुझा चेहरा कसा आहे?" मागून प्रश्न आला.

"...मला काय माहीत! मला कसा दिसणार?"

"हं."

"हं काय?"

हात उचलले गेले नाहीत. एक गाढव ओरडलं. लीलाधर आधी चिडला, मग घाबरला, मग नुसताच बसला. केव्हातरी त्याच्या लक्षात आलं की आपण कान देऊन बसलोय. कशाला, ते कळेना.

मग खांद्यांवरचा भार उतरला. वळून पाहिलं तर माएस्त्रो भिंतीला धरून उठत होते.

"घमेल्यातली माती वाळतेय," ते म्हणाले. "बघ जरा."

लीलाधरने फडकं काढलं. माती खरंच वाळू लागली होती. त्याने पाणी शिंपडलं, तिंबली. तिंबता तिंबता हात आपोआप गोट्याकडे गेला.

बाराव्याला त्याने मापं घेतली नाहीत. माणूस आधी केला. माणूस म्हणजे बाई, बसलेली. नऊवारीचा काष्टा, कमरेला पानांचं गाठोडं, हनुवटीवर गोंदलेला ठिपका. तिच्या चेहऱ्यावर भीती घालायला त्याने कोरणी उचलली आणि खाली ठेवली. बेबीताई घाबरलेली नव्हतीच. तिला काही ठाऊकच नव्हतं. वाघ तिने पाहिलाच नव्हता. तिने मान जरा तिरकी केली होती, पदर कानामागे सारला होता, ओठ मिटले होते. हाक मारून झाल्यावर माणूस क्षणभर गप्प राहतो ना, तसे.

त्या एका कानावर त्याने दुपार घालवली.

मांजर शेवटी बसवलं. घाईत. ठिपके द्यायचे राहिले, मिशाही राहिल्या. एक सुळा वाकडा लागला. पंजे मात्र जड पडले खांद्यांवर.

ऊन कलायला आलं तेव्हा त्याने भांडं माएस्त्रोंसमोर ठेवलं. फिलोमेना कमरेचा माग सोडून आली आणि भावाच्या मागे उभी राहिली.

माएस्त्रोंनी भांडं फिरवलं. मांजर पाहिलंच नाही. चेहरा पाहिला. मग ते खाली वाकले आणि मातीच्या त्या कानाजवळ त्यांनी आपलं तोंड नेलं, काही बोलायचं असल्यासारखं.

लीलाधर तळहात चोळत उभा होता.

"मोडा," तो म्हणाला.

ते हलले नाहीत.

"मोडा ना! अकरा मोडलीत, हे पण मोडा. मला सवय झालीय."

माएस्त्रोंनी भांड्याच्या बुडाला चिकटलेली वाळू पुसली.

"मांजर कच्चं आहे, दिसतंय मला. माझ्या हाताखालचं पोर याच्यापेक्षा बरं करेल."

माएस्त्रोंनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं.

"माएस्त्रो, देवाशपथ सांगतो, तुम्ही माणसाला वेडं कराल! बरोबर आहे का चूक आहे, तेवढं एक सांगा. एकच शब्द. मग मी उद्या जातो नाहीतर राहतो, तुम्ही म्हणाल तसं करतो. पण काहीतरी बोला!"

म्हातारा आता खरोखरच वैतागला. त्याने रुमाल झटकला, भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि बाईचा चेहरा लीलाधरकडे वळवून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"अरे, माझ्या तोंडाकडे काय बघतोस? ती कधीची थांबलीय. ओ दे तिला."